प्लूटोचा बर्फ कसा ओळखला?

1976 साली अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेत क्रूकशँक, पिल्चर आणि मॉरिसन यांनी 4 मीटरची दुर्बीण प्लूटोवर रोखली. दिसत होता नुसता ठिपका. त्यावर बर्फ असेल, तर कशाचा? प्रत्येक बर्फ अवरक्त प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो. म्हणून वेगवेगळे फिल्टर लावून त्यांनी उजेड मोजला. पाणी, अमोनिया बाद झाले. खूण पटली मिथेनची.

आता पुढचं पाहा. बर्फ चकाकतो, म्हणजे तेवढ्या उजेडाला लहान गोळाही पुरतो. एके काळी पृथ्वीएवढा मानलेला प्लूटो चंद्राहूनही लहान असावा, असं दिसू लागलं. 1978 मध्ये त्याचा उपग्रह शॅरन सापडला आणि वस्तुमानानंही तीच साक्ष दिली. 2006 मध्ये प्लूटोचं ग्रहपद गेलं. त्याच्या मोठेपणाला धक्का मात्र या बर्फानं आधीच दिला होता.