काचबिंदू, बालकांतील
डोळ्यातील नेत्रजलाच्या निचऱ्याच्या मार्गाची वाढ जन्मापूर्वी अपुरी राहिल्यामुळे अंतर्नेत्रीय दाब वाढून होणारा विकार. बालवयात नेत्रगोलाचे आवरण लवचिक असल्यामुळे तो दाबाने ताणला जाऊन मोठा होतो. म्हणून या अवस्थेस ‘वृषभनेत्र’ असेही म्हणतात. नवजात बालकाच्या स्वच्छमंडलाचा (डोळ्याच्या पुढील पारदर्शक भागाचा) व्यास सु. १० मिमी. असतो, पहिल्या वर्षात तो १२ मिमी.पेक्षा अधिक भरल्यास विकाराची शंका घ्यावी लागते. पाणी गळणे व प्रकाश सहन न होणे ही आरंभीची लक्षणे होत. परंतु टपोरे डोळे कौतुकाचा विषय ठरत असल्याने निदानास अनेकदा विलंब होतो.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत अशा बालकांचे अंधत्व जवळजवळ अटळ मानले जाई. इटालियन नेत्रवैद्य कार्लो दे व्हिन्चेन्तीस यांनी १८९३ मध्ये निचऱ्याच्या कोनाला छेद देण्याची शस्त्रक्रिया सुचविली होती. पण तो कोन बाहेरून दिसत नाही, कारण तेथून येणारे प्रकाशकिरण स्वच्छमंडलातच परावर्तित होतात. सुरी अंदाजानेच चालवावी लागे. साहजिकच ही शस्त्रक्रिया मागे पडली. सॅन फ्रॅन्सिस्को येथील ऑटो बार्कन (१८८७–१९५८) यांनी डोळ्यावर स्पर्शभिंग ठेवून कोन प्रत्यक्ष पाहत तोच छेद घेतला व १९४२ मध्ये बालकांवरील अनुभव प्रसिद्ध केला. कोनावर पातळ पडदा असतो, ही त्यांची उपपत्ती पुढे सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात टिकली नाही. शस्त्रक्रिया मात्र टिकली.

तीस एक अट आहे : स्वच्छमंडल पारदर्शक हवे. ते गढूळ असल्यास कोन दिसत नाही. यावर १९६० मध्ये रेडमंड स्मिथ व हर्मन बुरियन यांनी स्वतंत्रपणे उपाय काढला. बाहेरून निचऱ्याच्या नलिकेत शिरून तिची आतील भिंत फोडण्याची ही रीत होय. भारतात बालके बहुधा स्वच्छमंडल गढूळ झाल्यावरच रुग्णालयात येत असल्याने या रीतीस विशेष महत्त्व आले. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, नेत्रजलास नवी वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेशी तिची जोड देऊन मोठ्या प्रमाणावर उपचार झाले.

सीवायपी१बी१ या जनुकातील दोष हे एक कारण असल्याचे १९९७ मध्ये आढळले. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास विकार संभवतो. त्यामुळे नात्यातील विवाह रूढ असलेल्या समाजांत तो अधिक दिसतो. पाश्चात्त्य देशांत सु. १०,००० जन्मांमागे एक, तर आंध्र प्रदेशातील पाहणीनुसार सु. ३,३०० जन्मांमागे एक, असे त्याचे प्रमाण आहे.

औषधांचे स्थान दुय्यमच राहिले आहे. प्रौढांना दिले जाणारे ब्रिमोनिडीनचे थेंब तर अर्भकांत श्वसन मंदावू शकत असल्याने वर्ज्य आहेत. दाब आटोक्यात आल्यावरही ताणलेल्या डोळ्यात ऱ्हस्वदृष्टी राहते व मेंदूला त्या डोळ्याने पाहण्याची सवय लागत नाही. म्हणून चष्मा, चांगल्या डोळ्यावर काही काळ पट्टी आणि आयुष्यभर दाबाची तपासणी आवश्यक असते.