जिनातली बाळंतीण

वाशिमच्या इतिहासाचा विषय निघाला की वत्सगुल्माचे वाकाटक येतात, बालाजीचे देऊळ येते. बाळंतिणींचा इतिहास कोणी सांगत नाही. आम्ही कामगार चळवळीत वाढलेले. शाळा थोडी झाली, वाचन पुढे पदरमोड करून केले. म्हणून आमची नजर राजांआधी रेच्यावर जाते, त्याचा श्रोत्यांनी राग मानू नये.

आजचा वाशिम जिल्हा १९९८ साली झाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडे. दिवाळी सरली की कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागत आणि जिने सुरू होत. रेच्यांवर बायाच अधिक. रुईची धूळ नाकातोंडात जायची. दिवस भरत आले तरी कामावर जायचे, कारण हजेरी चुकली की रोज बुडाला. आणि तान्हे असले तर? डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ साली मुंबईच्या कामकरी स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्यांना अफू चारली जाते असे त्यांना आढळले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत हजारी सहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. आमच्या आजीच्या तोंडी 'बाळागोळी' हा शब्द घुटीइतका सहज येई! तिला दोष कसा द्यावा? रडते मूल घेऊन रेच्यापाशी बसता येत नव्हते.

वरच्या वर्तुळात काही हालचाल होती. १९२० च्या सुमारास लेडी चेम्सफर्ड यांच्या नावाची माता-बालसंगोपनाची संस्था निघाली, १९२४ साली देशभर शिशुसप्ताह झाला. सुईणींच्या शिक्षणासाठी लेडी कर्झन यांनी १९०३ सालीच निधी उभारला होता. पण खेड्यात नाळ कापली जाई ती विळ्याने, आणि मूल धनुर्वाताने जाई. उकळलेले पाते, उकळलेला दोरा, धुतलेले हात, एवढ्यावर कितीतरी मुले वाचली असती. सुईण बहुधा गरिबाघरची. मान नाही, मोबदला शेरभर ज्वारीचा. शिकायला ती रोज बुडवून यायची कशी?

कायद्याची कथा आम्हांला जवळची वाटते. १९१९ साली वॉशिंग्टनच्या कामगार परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा ठराव झाला. तिथे हिंदी कामगारांतर्फे गेलेल्या ना. म. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. मग मुंबईत आसवल्यांचे विधेयक आले. त्यावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. आंबेडकर बोलले. आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, तरी मालकालाही सुटका नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला, १९३० साली मध्यप्रांताचा.

आता खोच पाहा. या कायद्यांत अट अशी की, बाळंतपणाआधी काही महिने त्याच कारखान्यात चाकरी झालेली हवी. नागपूरच्या बारमाही गिरणीतल्या बाईला ती पुरी करता येई. जिन मात्र उन्हाळ्यापर्यंतच चाले. कापूस आमचा, कायदा गिरणीचा!

वाशिममध्ये प्रत्यक्ष हात लागला तो परक्यांचा. डॉ. ऑर्फा स्पायकर ही अमेरिकन मिशनरी बाई १९३६ साली आली आणि १९३८ साली येथे रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय सुरू झाले. चाळीस वर्षांच्या आसपास ती इथेच राबली. धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो आम्ही लपवीत नाही. पण अडलेल्या बाईला स्त्री डॉक्टर जवळ मिळाली, हेही खरे.

१९६१ च्या केंद्रीय कायद्यात कामाच्या दिवसांची अट १६० होती. १९८८ साली ती ८० वर आली. म्हणजे जिनाच्या एका हंगामात भागते. मात्र बाईचे नाव हजेरीपटावर हवे. आम्ही एका जिनात हजेरीपट मागितला, तेव्हा मुकादमाने खिशातून एक चुरगळलेली वही काढली. तीत बायांची नावे नव्हती, नुसत्या रेघा होत्या.