सोडलेल्या वस्तूचे उत्तरदायित्व : फुगे, मांजा आणि कायदा

हातातून सुटलेल्या वस्तूशी आपला संबंध संपतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. आकाशात सोडलेल्या फुग्याविषयी तर तो अधिकच दृढ असतो. फुगा दृष्टीआड झाला, टाळ्या वाजल्या, की सोहळा संपन्न झाला असे आपण मानतो. परंतु वर गेलेली वस्तू कोठेतरी खाली येतेच. गेल्या चाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांतील कायद्यांनी हे सत्य हळूहळू कसे स्वीकारले, याचा हा अल्प आढावा.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात २७ सप्टेंबर १९८६ रोजी एका सेवाभावी संस्थेच्या मदतनिधीसाठी चौदा लाखांहून अधिक फुगे एकाच वेळी सोडण्यात आले. हेतू परोपकाराचा होता. मात्र वादळी हवेमुळे फुगे परत खाली रेटले गेले आणि रस्त्यांवर, विमानतळावर व ईरी सरोवरावर पसरले. त्याच वेळी सरोवरात बेपत्ता झालेल्या दोन मच्छीमारांचा शोध सुरू होता. पाण्यावर तरंगणाऱ्या असंख्य फुग्यांमुळे तो शोध अवघड झाला. त्या दोघांचेही प्राण वाचले नाहीत.

मुक्या जीवांची हानी याहून व्यापक आहे. फुटलेल्या फुग्याचे तुकडे समुद्री कासवे जेलीफिश समजून गिळतात, तर फुग्याच्या दोऱ्यांत पक्ष्यांचे पाय व पंख अडकतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, समुद्रपक्ष्याने गिळलेला फुग्याचा तुकडा कठीण प्लास्टिकच्या तुकड्यापेक्षा ३२ पट अधिक प्राणघातक ठरतो.

कायदा मात्र बिचकत पुढे आला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २००० मध्ये एकाच वेळी २० किंवा अधिक हेलियम फुगे सोडण्यास मनाई केली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चोवीस तासांत दहा किंवा अधिक फुगे सोडण्यास बंदी होती, त्याहून कमी फुग्यांना मुभा होती. १ जुलै २०२४ पासून ती मुभाही गेली आणि हेतुपुरस्सर सोडलेला एक फुगाही कचरा टाकण्यासारखाच दंडनीय ठरला. प्रश्न संख्येचा नसून कृतीचा आहे, हे उमगण्यास इतकी वर्षे लागली.

आपल्याकडे हाच प्रश्न पतंगाच्या मांजामुळे ऐरणीवर आला. पतंग कटला की उडवणाऱ्याचा खेळ संपतो, पण झाडांत व तारांत अडकलेला नायलॉनचा मांजा कुजत नाही, आणि संक्रांत सरल्यावरही पक्ष्यांचे पंख कापत राहतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन व तत्सम कृत्रिम मांजाचे उत्पादन, विक्री, साठवण आणि वापर यांवर देशभर बंदीचे आदेश दिले. तरीही अपघात थांबले नाहीत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

फुग्याबाबत आपला कायदा अजून काडीपाशीच थांबला आहे. १ जुलै २०२२ पासून देशात बंदी आलेल्या एकल-वापर प्लास्टिक वस्तूंच्या यादीत फुग्याची प्लास्टिकची काडी आहे, परंतु फुगा आकाशात सोडण्याच्या कृतीचा त्या यादीत उल्लेख नाही.

जेथे कायदा थांबतो, तेथे आपली परंपरा पुढची वाट दाखवते. साधूंच्या पाच समित्यांपैकी पाचवी, उत्सर्ग अथवा प्रतिष्ठापना समिती, त्याज्य वस्तू कोठे व कशी टाकावी याविषयीच आहे. जागा नीट पाहून, ती निर्जंतुक आहे याची खात्री करूनच वस्तू विसर्जित करावी, असा तिचा आशय. आकाशात सोडलेला फुगा कोठे पडेल हे सोडणाऱ्यास ठाऊकच नसते. म्हणजे ती जागा पाहणे त्याला शक्यच नाही. हेतू निर्मळ असला तरी हा प्रमादच होय, आणि प्रमाद हेच हिंसेचे मूळ आहे.

वरवट बकालपासून समुद्र फार दूर आहे, हे खरे. परंतु आपल्या तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे, भोवती शेते आहेत, नदी-नाले आहेत, चरणारी गुरे आहेत. येथे वाऱ्यावर सोडलेली वस्तू यांच्यापैकीच कोणाच्या तरी वाट्याला येणार. क्रीडास्पर्धा असो, उद्घाटन असो वा सुवर्णमहोत्सव असो, रंगीत फुग्यांचा गुच्छ सोडण्याऐवजी पाखरांसाठी पाण्याची परळे टांगली, तरी शोभा उणी होणार नाही. त्यासाठी शासनाच्या अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.