बुजुर्गमिहरची हिंदयात्रा : सोंगट्यांच्या पटावर लागलेली खंडणी

इ.स. १३२२. ठाणे. मिहरबान कैखुस्रव नावाचा पारशी लेखनिक जुन्या पहलवी ग्रंथांच्या नकला उतरवीत बसला आहे. त्याच्या पोथीत एक अगदी लहान प्रकरण आहे. त्यात हिंदुस्थानचा राजा एका खेळात हरतो आणि दुप्पट खंडणी भरतो. ही पोथी पुढे मुंबईत जामास्प-आसना यांनी संपादित करून १८९७पासून छापली. हिंदुस्थानच्या पराभवाची इराणी कथा हिंदुस्थानातल्याच एका बोरूने जपली!

आजचा धागा त्या कथेचा आणि त्या खेळाचा.

खेळाला आज जग बॅकगॅमन म्हणते. फारसीत तो ‘नर्द’. दोन खेळाडू, प्रत्येकी १५ सोंगट्या, पटावर २४ घरे, दोन फासे. दान काय पडेल ते दैवाच्या हाती, पण पडलेल्या दानात कोणती सोंगटी हलवायची ते आपल्या हाती. एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सारे भांडण याच मुद्द्यावर आहे.

कथा अशी. इराणच्या गादीवर सासानी सम्राट पहिला खुस्रव, म्हणजे अनुशिर्वान (राज्यकाल ५३१ ते ५७९). हिंदचा राजा देविशर्म त्याच्याकडे तख्तरितुस नावाचा दूत धाडतो. सोबत सोने, रत्ने, वस्त्रे यांनी लादलेले १२०० उंट, ९० हत्ती आणि एक पट : १६ मोहरे पाचूचे, १६ माणकांचे. हा चतुरंग, आपले बुद्धिबळ. पत्राचा आशय असा : आपण राजांचे राजे म्हणवता, तेव्हा आपले पंडितही आमच्या पंडितांहून शहाणे असणार. या खेळाचे मर्म सांगा. नाही सांगता आले तर खंडणी पाठवा.

नियम न सांगता केवळ पट पाठवून आव्हान देणे हा प्रकार मोठा बेरकी आहे. खुस्रव तीन दिवसांची मुदत मागतो. दरबारातील पंडित निरुत्तर होतात. तिसऱ्या दिवशी बुजुर्गमिहर उठतो. हा पट म्हणजे युद्ध, असे तो सांगतो. मध्ये राजा, शेजारी सेनापती, घोडे म्हणजे स्वार, प्यादी म्हणजे पायदळ. मग तो तख्तरितुसशीच खेळायला बसतो आणि तीन डाव जिंकतो.

कथा इथे संपली असती तर ती केवळ चातुर्यकथा ठरली असती. पण सासानी दरबाराला बरोबरी नको होती, वरचढपणा हवा होता. म्हणून बुजुर्गमिहर स्वतःचा खेळ रचतो आणि वंशाचा संस्थापक अर्दशीर याच्यावरून त्याला नाव देतो : ‘नेव-अर्दशीर’, म्हणजे ‘शूर अर्दशीर’. याचे झाले नर्दशीर, आणि पुढे नुसते नर्द.

या प्रकरणाचा गाभा म्हणजे खेळाचा त्याने लावलेला अर्थ. पट म्हणजे पृथ्वी. ३० सोंगट्या म्हणजे महिन्याचे ३० दिवस : १५ पांढऱ्या तो दिवस, १५ काळ्या ती रात्र. फाशावरचा एक म्हणजे एकमेव अहुरमज्द. दोन म्हणजे चैतन्य आणि जड. तीन म्हणजे सुविचार, सुवचन, सुकर्म. चार म्हणजे चार दिशा, पाच म्हणजे सूर्य-चंद्र-तारे-अग्नी आणि आकाशीचे तेज, सहा म्हणजे सृष्टिनिर्मितीचे सहा काळ. फासा फिरतो तशी नक्षत्रे फिरतात आणि त्यांच्या गतीने माणसे हलतात. सोंगटी मारली जाणे हा मृत्यू. सर्व सोंगट्या पुन्हा मांडणे हे पुनरुत्थान.

देविशर्माने रणांगण पाठवले होते. बुजुर्गमिहरने उत्तरादाखल अवघे झरथुष्ट्री विश्व पाठवले. तुमचा राजा पटावर लढतो, आमच्या पटावर तुमचा राजाही एक सोंगटीच, असा त्याचा ध्वनी आहे. राजकीय उत्तर म्हणून हे मला विलक्षण वाटते.

मग निघते स्वारी. मोत्यांनी आणि सोन्याने सजवलेले १२,००० अरबी घोडे, इराणचे १२,००० तरुण, आणि बुजुर्गमिहरजवळ एक पट. देविशर्म चाळीस दिवसांची मुदत मागतो. चाळीस दिवसांत हिंदच्या एकाही पंडिताला खेळ उलगडत नाही. बुजुर्गमिहर दुप्पट खंडणी घेऊन परततो. इ.स. १०१०च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘शाहनाम्या’तही ही कथा आहे; तिथे हिंदी राजा कनौजचा राय होतो.

आता प्रश्न : यातले खरे किती?

बुजुर्गमिहर हा नर्दचा जनक असणे अवघड दिसते. बायझंटाइन कवी अगाथियास याची एक कविता सम्राट झेनोच्या एका दुर्दैवी डावावर आहे. खेळ ‘ताबुला’ : १५-१५ सोंगट्या, पण फासे तीन. झेनोला २, ५, ६ असे दान पडले आणि त्याची रचलेली घरे मोडून सोंगट्या एकेकट्या उघड्या पडल्या. झेनो ४९१ मध्ये वारला. खुस्रव गादीवर आला ५३१ मध्ये. अगाथियास स्वतः मात्र खुस्रवाच्या काळातला, म्हणजे ही साक्षही ऐकीवच. तरीही या कुळातला खेळ एका दरबारात एका रात्रीत जन्मला नाही, हे त्यावरून उघड आहे.

देविशर्माचेही तसेच. काही अभ्यासक त्याच्यात कनौजचा मौखरी राजा शर्ववर्मा पाहतात. पण हेच नाव ‘कलीला व दिम्ना’ या पंचतंत्राच्या अरबी अवतारात ‘दब्शलीम’ म्हणून येते. तेव्हा इराणी कथाकारांना ‘हिंदचा राजा’ हवा असला की हे नाव हाताशी असावे, असे मला वाटते. खरी घटना बहुधा एवढीच : चतुरंग याच सुमारास हिंदुस्थानातून इराणात गेला. ही उसनवारी कबूल करताना मान खाली जाऊ नये, यासाठी दुसरा डाव रचला गेला.

दुसऱ्या बाजूची कथाही आहे, पण ती सांगतो एक अरब. दहाव्या शतकातला प्रवासी इतिहासकार मसूदी आपल्या कोकणात ‘सैमूर’ला, म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौलला, येऊन गेला होता. तो नर्दचा उगम हिंदी राजांच्याच काळात दाखवतो. बल्हीत नावाच्या राजाने नर्दपेक्षा बुद्धिबळ श्रेष्ठ मानले, कारण त्यात दैवावर विसंबावे लागत नाही, असेही लिहितो. म्हणजे क्रम पार उलटा! इराणी कथेत बुद्धिबळाला उत्तर म्हणून नर्द येते. मसूदीच्या कथेत नर्द आधी आणि बुद्धिबळ नंतर.

हाच मसूदी हस्तिदंताविषयी लिहिताना सांगतो की हिंदुस्थानात त्याचा मोठा वापर बुद्धिबळाचे मोहरे आणि नर्दच्या सोंगट्या घडवण्यासाठी होतो. पुढचा तपशील अंगावर काटा आणणारा आहे. सारे हरलेले खेळाडू स्वतःची बोटे पणाला लावत. शेजारी निखाऱ्यांवर जखम भरणारे लाल मलम उकळत असे. हरला की बोट कापायचे, हात मलमात बुडवायचा आणि पुन्हा डावावर बसायचे. यात ऐकीव अतिशयोक्ती किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण चाळीस दिवसांत ज्यांना नर्द उमगली नाही म्हणतात, त्यांच्याच देशात पुढे ती एवढी रुजली होती.

आणि एक पुरावा आपल्या अगदी जवळ आहे. वेरूळच्या २१व्या लेण्यात, रामेश्वरात, शिव-पार्वती फासे खेळत बसले आहेत. हे लेणे सहाव्या शतकातील, म्हणजे खुस्रवाच्याच शतकातील मानले जाते. २९व्या लेण्यातही हाच प्रसंग आहे. आपण सवयीने त्याला सारीपाट म्हणतो. पण फुलीच्या आकाराच्या त्या पटाचे खात्रीचे पुरावे बरेच नंतरचे आहेत, आणि अशा शिल्पांतील पट नर्दच्या कुळातला असावा असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे.

वेरूळला गेलात तर कैलास पाहून लगेच परतू नका. थोडे चालून २१व्या लेण्यात जा आणि देवांच्या चेहऱ्यांवरून नजर खाली उतरवून त्या दोघांमधला पट निरखून पाहा. चांगला फोटो मिळाला तर याच धाग्याखाली जोडा.