एक्रेव्हिस, क्रेफिश, क्रॉफिश



वसंत आला की अमेरिकेच्या दक्षिण भागात अंगणाअंगणांत मोठी पातेली चढतात. त्यात मका, बटाटे आणि लालभडक क्रॉफिश. शेजाऱ्यांकडून बोलावणे आले, की आपल्या घरात हमखास प्रश्न निघतो : ही कोळंबी की शेवंड?

दोन्ही नाही. हा गोड्या पाण्यातला, पुढे दोन नांग्या असलेला जीव. भारतात तो मुळात नव्हताच, म्हणून मराठीत त्याला स्वतःचे नाव नाही.

जिथे तो होता, तिथे नावे भरपूर. फ्रेंचमध्ये तो 'एक्रेव्हिस'. त्याच्या जुन्या रूपाचा शेवट इंग्रजांच्या कानाला 'फिश'सारखा वाटला आणि मासा नसलेला हा जीव 'क्रेफिश' झाला. अमेरिकेत कुठे 'क्रॉफिश', कुठे 'क्रॉडॅड', चिखलात राहतो म्हणून 'मडबग'. ऑस्ट्रेलियातले 'याबी' हे नाव तिथल्या आदिवासी भाषेतले.

लुइझियानात मात्र नावामागे मोठी गोष्ट आहे. 1755 पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून फ्रेंचभाषक अकेडियन लोकांना हुसकावले. त्यांतली अनेक कुटुंबे लुइझियानात वसली. त्यांचे वंशज म्हणजे केजन. ते सांगतात, की किनाऱ्यावरचे लॉबस्टर आपल्या माणसांमागून निघाले आणि एवढ्या लांबच्या वाटेने झिजून झिजून एक्रेव्हिस झाले!

पुढे 1921 च्या राज्यघटनेने शाळांत फक्त इंग्रजी आणली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई. क्रॉफिशलाही गरिबांचे खाणे म्हणून हिणवले जाई.

मग वारे फिरले. 1959 मध्ये ब्रो ब्रिज हे गाव 'जगाची क्रॉफिश राजधानी' ठरले. 1983 मध्ये क्रॉफिशला राज्यचिन्हाचा मान मिळाला. फ्रेंच जपण्यासाठीही 1968 मध्ये सरकारी परिषद स्थापन झाली, पण तोवर कितीतरी आईबापांनी मुलांशी फ्रेंच बोलणे सोडले होते. पदार्थ ताटात राहिला, 'एक्रेव्हिस' म्हणणारी घरे मात्र कमी झाली.

मंडळी, हे आपल्यालाही लागू आहे. पुरणपोळी परदेशात टिकेल, तिच्यासाठी दुकाने आहेत. शब्द मात्र घरातच टिकतात. तेव्हा यंदा त्या पातेल्याभोवती बसलात, की मुलांना क्रॉफिश खुशाल क्रॉफिशच म्हणू द्या. पण कोळंबी, चिंबोरी, शेवंड ही त्याची मराठी भावंडे कोण, तेही तेव्हाच सांगून टाका.