बियाण्याची पत

माझा एक भाचा कॅनडात, ऑन्टारियो प्रांतात असतो. त्या देशाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला आणि एका घरात चार झाडांपर्यंत लागवडीची मुभा दिली. (क्वेबेक प्रांताने घरगुती लागवडीवर बंदीच ठेवली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती वैध ठरवली.) मागच्या महिन्यात भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, तुम्ही आयुष्यभर परवाने आणि बी-बियाण्यांच्या फायली पाहिल्यात. चांगले बी ओळखायचे कसे, आणि ते पैदा करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?"

प्रथम मी त्याला रागावलो. ज्या देशाचे मीठ मी खातो, तेथे परवान्याशिवाय कुंडीत लावलेले असे एक झाडही गुन्हा ठरते आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. पण फोन ठेवल्यावर लक्षात आले की प्रश्न पोरकट नव्हता. आमच्या प्रशासनाला शंभरहून अधिक वर्षे ज्या प्रश्नाचे धड उत्तर देता आलेले नाही, तोच त्याने विचारला होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे मूळ परिचित आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असेल आणि ग्राहकाला नसेल, तर चांगला माल हळूहळू बाजारातूनच हद्दपार होतो. बियाणे हे याचे अस्सल उदाहरण होय. भरदार, टणक, गडद ठिपक्यांचे बी पाहून ते रुजेल की नाही याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. परंतु त्यातून नर झाड येईल की मादी, आणि त्यात मादक द्रव्य किती असेल, हे डोळ्यांना दिसत नाही. ते कळते तेव्हा हंगाम निघून गेलेला असतो.

गांजाच्या बाबतीत तर नर-मादीचा भेद हाच दर्जाचा कणा. सामान्य बियाण्यातून साधारण निम्मी झाडे नर निघतात. नराचा पराग वाऱ्यावर दूरवर जातो, मादीची फुले फळतात, त्यांत बी धरते आणि गांजा म्हणून त्यांची किंमत उतरते.

एकोणिसाव्या शतकात बंगालच्या राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या जिल्ह्यांच्या सीमेवर 'गांजा महाल' नावाचा प्रदेश होता. नौगाव हे त्याचे केंद्र. त्याची पहिली तपशीलवार पाहणी हेमचंद्र कर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टरने १८७७ च्या अहवालात केली. त्यानंतर १८९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पतिसंग्रहालयाचे डेव्हिड प्रेन यांनी वनस्पतिशास्त्राच्या अंगाने अहवाल लिहिला. त्या काळच्या या वर्णनांत एक व्यक्ती भेटते: पोद्दार किंवा परखदार. इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. पावसाळ्याच्या अखेरीस रोपे शेतात लावली जात. नोव्हेंबरच्या सुमारास, फुले येण्याच्या बेतात, हा गृहस्थ सरींमधून चालत जाई आणि अननुभवी नजरेला काहीही दिसत नसताना नर झाड नेमके हेरून मोडून टाकी. शेतकरी त्याला याचा मोबदला देत.

पोद्दार म्हणजे मुळात नाणी पारखणारा. आपल्याकडचा पोतदार तोच. खोटे नाणे काढून टाकणाऱ्याचे नाव खोटे झाड काढून टाकणाऱ्याला मिळाले, यात लोकांची मोठी समज दिसते. नौगावात बियाण्याची हमी कोणी देत नव्हते, कारण तिची गरजच नव्हती. दर्जा पेरणीनंतर, माणसाच्या नजरेने घडत होता. गंमत अशी की पोद्दाराचे काम शंभर टक्के साधले असते, तर पुढच्या वर्षी पेरायला बीच उरले नसते. त्याच्या नजरेतून सुटलेल्या चार-दोन नरांवर पुढचा हंगाम उभा राहत असे.

सरकारचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. ब्रिटिश पार्लमेंटात विचारल्या गेलेल्या प्रश्नानंतर १८९३ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. त्याने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. आपल्याकडचा तेव्हाचा अहमदनगर जिल्हा आणि मध्य प्रांतातील खांडवा यांचीही त्यात दखल आहे. निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारशी हानी होत नाही. संपूर्ण बंदी अनावश्यक आहे. नियंत्रण आणि कर हाच योग्य मार्ग, आणि त्याचा नमुना बंगालची पद्धत. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. त्यांतील राजेसाहेब राजशाही जिल्ह्यातल्याच ताहिरपूरचे.

बंगालची पद्धत म्हणजे लागवडीला परवाना, पिकावर देखरेख, माल सरकारी गोलाघरात, चपटा, गोल आणि चूर या प्रकारांवर वेगवेगळा कर. शेत मोजले, माल तोलला, शुल्क वसूल केले. फक्त बी कोणी मोजले नाही. ते शेतकऱ्याच्या मडक्यात राहिले. महसुलाचे गणित त्यावाचून सुटत होते, म्हणून मी त्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही.

पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपला अमली पदार्थविरोधी कायदा अमलात आला. दोहोंनी फुलोऱ्याला निषिद्ध ठरवले आणि फुलोऱ्याविना असलेले बी व पाने व्याख्येबाहेर ठेवली. धागा व बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची वाटही कलम १४ ने मोकळी ठेवली. कुमाऊँत भांगेच्या बियांची चटणी आजही घरोघरी होते, हे त्या वाटेचे जुने कारण.

परंतु बंदीच्या काळात वाणांची माहिती ठेवणारे कोणी उरले नाही. हिंदुकुशपासून केरळपर्यंतची बियाणी प्रवाशांच्या खिशातून कॅलिफोर्निया व हॉलंडला गेली. तेथे त्यांचे संकर झाले आणि ती नाव देऊन विकली जाऊ लागली. जेथे न्यायालयात दाद मागता येत नाही, तेथे पैदासकाराचे नाव हीच एकमेव हमी. नावाची नक्कल करायला मात्र काही लागत नाही.

याच दरम्यान कॅनडातील शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी टीएचसी या मादक घटकाची ०.३ टक्के ही रेषा आखली. अनेक देशांनी ती कायद्यात घेतली. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला, तोही याच मर्यादेवर. आता पोद्दाराची नजर कामाची नाही. रेषा ओलांडली जाणार की नाही, हे बहुतांशी बियाण्यातच ठरलेले असते.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रस्तावावर मी अभिप्राय लिहिला: मर्यादा ओलांडल्यास पीक नष्ट करावे व नुकसान परवानाधारकाने सोसावे. बियाण्याच्या रकान्यात लिहिले, 'व्यवस्था परवानाधारक स्वतः करील.' टिपणी नीटनेटकी होती. डोंगराळ भागातून आलेल्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने हळूच विचारले, "सर, बी आणायचे कोठून? आमच्या गावचे बी या रेषेत बसेल, हे कोणी तपासले आहे?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. १९६६ च्या बियाणे कायद्यातील किमान मानके अधिसूचित वाणांनाच लागू होतात. जो वाण अधिसूचितच नाही, त्याच्या शुद्धतेबद्दल शेतकऱ्याने कोणाला जाब विचारायचा? तरीही मी टिपणी बदलली नाही. फाईल पुढे गेली.

ज्याला दर्जा तपासण्याचे साधन नाही, त्याच्यावर दर्जाची जबाबदारी टाकणे हे नियंत्रण नव्हे. नौगावच्या शेतकऱ्याजवळ निदान पोद्दार होता. पहाडातल्या शेतकऱ्याला आपण उभे पीक जाळण्याची अट दिली, पारखी दिला नाही. कृषी विद्यापीठाने तपासलेले, अधिसूचित व प्रमाणित बी आधी आणि परवाना नंतर, हा क्रम मी तेव्हा लिहायला हवा होता.

भाच्याला दोन ओळी लिहून पाठवल्या: तुझ्या देशात परवानाधारक उत्पादकाचे बी सरकारमान्य दुकानात मिळते, तेच घे. नाव पाहू नकोस. बी फसवे निघाले तर तक्रार कोणाकडे करायची, ते पाहा. त्याचे उत्तर आले, "मामा, एवढे साधे?"

त्याच्याकडे ते साधे आहे, हे खरे.