दिंडीची वही

आमचं शिक्षण चौथीपर्यंत. मंडळींनी इतिहास लिहा म्हणून सांगितलं, चुकलं-माकलं पदरात घ्यावं.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. पुढे शिंदे सरकारच्या पदरी असलेले आरफळचे हैबतबाबा यांनी १८३२ च्या सुमारास माउलींचा सोहळा वेगळा केला आणि त्याला लष्करासारखी शिस्त लावली. त्यातली आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती समाजआरती. तळावर दिंड्या गोल उभ्या असतात, टाळ चालू असतात. चोपदारांनी चोप उंचावला की एवढा समाज गप्प. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग आरती. गावात बांधावरून भांडण पेटलं की आमचे म्हातारे म्हणायचे, "आधी ज्याचा टाळ वाजतोय त्याचं ऐका." कोर्टाची पायरी बऱ्याच घरांनी त्यामुळं चढली नाही.

दुसरी भिशीची वही. कुणी किती पैसे, किती ज्वारी दिली, तेलमीठ कितीचं आलं, वारीहून आल्यावर मारुतीच्या पारावर सगळं मोठ्यानं वाचायचं. चार आण्याची चूक निघाली तरी विणेकऱ्याला विचारायला पोरंसुद्धा भीत नसत.

१९७२ च्या दुष्काळात ही वही कामी आली. गावची माणसं खडी फोडायला जायची, सरकारची सुकडी मिळायची, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काय? दिंडीची पातेली बाहेर काढली, देवळापुढं चूल पेटली. ज्याच्या कणगीत दोन पायल्या होत्या त्यानं एक आणून दिली, कारण तिचा हिशोब वाचला जाईल हे त्याला ठाऊक होतं.

आता एक गोष्ट. ती पुस्तकात घालू नका असं काहींचं म्हणणं पडलं. साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केलं, पंढरीचं देऊळ सगळ्यांना उघडलं. तरी आमच्या दिंडीत खालच्या वस्तीची पंगत वेगळीच बसायची. टाळ आमच्या बरोबरीनं वाजवायचे, जेवायला मात्र लांब. वहीतही त्यांची नावं शेवटच्या पानावर, निराळी. अभंग गाताना आम्हाला ते खुपलं नाही, हे आमचं पाप. दुष्काळात एकाच चुलीवर शिजलं, त्या गर्दीत कोण कुठं बसलं हे बघायला कुणाला सवड नव्हती. पुढच्या आषाढीला वेगळी पंगत मांडायला कुणी उठलं नाही. दोन घरांनी रुसून स्वतःची शिदोरी बांधली, तिसऱ्या मुक्कामाला तीही पंगतीत आली.

१९७३ ची वही आमच्याकडे आहे. कोपरे वाळवीनं खाल्लेत. त्यात शेवटचं पान कोरं आहे.